दुखण्याच्या स्ट्राँग गोळ्या आणि झोपेत थांबणारा श्वास : या चुका टाळा

बाबा घोरत नाहीत, मग कसला स्लीप अ‍ॅप्निया? असं म्हणून विषय संपवू नका. स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबणं. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फिन, फेंटानिलचा पॅच असं काही महिनोन्महिने चालू असेल तर ही औषधं मेंदूकडून श्वासाचा जो सिग्नल येतो तोच मंद करतात, म्हणजे गळा बंद होत नाही, पण छाती हलायचीच थांबते, आवाज नाही काही नाही, आणि मग अचानक एक मोठा श्वास. हा सेंट्रल प्रकार. घोरण्यावाला ऑब्स्ट्रक्टिव्ह, ज्यात गळा बंद होतो, तो वेगळा, पण एकाच माणसाला दोन्ही असू शकतात.

आता बघा, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून रात्री लॅबला कोण जाणार म्हणून लोक घरीच टेस्ट करतात. पण या गोळ्या घेणाऱ्यांसाठी रात्रभर लॅबमध्ये झोपून केलेली पूर्ण स्लीप स्टडीच हवी, घरची टेस्ट दोन्ही प्रकार नीट वेगळे करेलच असं नाही.

त्याहून मोठी चूक म्हणजे थेट सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, विकत आणणं. सीपॅप गळा उघडा ठेवतं, श्वास घ्यायला लावत नाही, उलट काहींचे सेंट्रल पॉज वाढतात. मशीन आधीच आणलं असेल आणि तरी सकाळी डोकं जड, दिवसभर पेंग, तर आधी मास्क लीक बघा, मग मशीनच्या रिपोर्टमधला एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा मंदावतो तो आकडा. पाचच्या वरच राहत असेल तर मशीनचा डेटा घेऊन डॉक्टरकडे जा. बॅकअप रेटवालं बायपॅप (श्वास थांबला तर स्वतः श्वास देणारं मशीन) किंवा एएसव्ही (श्वास बघून दाब आपोआप बदलणारं मशीन) लागू शकतं, पण हार्ट फेल्युअर असून ईएफ (हृदयाची पंपिंग क्षमता, इकोच्या रिपोर्टमध्ये असते) 45 टक्के किंवा कमी असेल तर एएसव्ही नको, 2015 च्या सर्व्ह-एचएफ अभ्यासात अशा पेशंटमध्ये हृदयविकाराने मृत्यू वाढलेले दिसले.

खरं तर मशीनच्या आधी डोस कमी करता येतो का हे विचारायचं. मनाने एकदम बंद मात्र करू नका, विथड्रॉवल (औषध अचानक सुटल्याचा त्रास) होतो आणि दुखणंही उसळतं. शेजारच्या काकूंनी दिलेली झोपेची अल्प्राझोलम, दुसऱ्या डॉक्टरची नसांच्या दुखण्याची प्रीगॅबालिन, रात्रीचा पेग, हे सगळं त्याच श्वासावर पडतं, म्हणून सगळ्या गोळ्यांची यादी एकाच डॉक्टरला दाखवा. घरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही मनाने लावू नका, ऑक्सिजनचा आकडा छान दिसतो पण आत कार्बन डायऑक्साइड साठत असतो. आणि फेंटानिलच्या पॅचवर गरम पिशवी नको, औषध भराभर आत जातं.

ओठ निळसर, हलवूनही उठत नाहीत, श्वास अगदी तुरळक, तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन आणि पॅच असल्यास काढून टाका.