गावाच्या निधीतून मोफत आणि वेगवान बस कशी सुरू करावी

तालुक्याला जाणारी बस गावकऱ्यांसाठी मोफत करायची असेल, तर आज पूर्ण भाडे नेमके कोण भरते, हे ग्रामपंचायतीने आधी पाहावे. एसटीत 75 वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास ऑगस्ट 2022 पासून विनामूल्य आहे, 65 ते 75 वयोगटाला आणि 17 मार्च 2023 पासून सर्व महिलांना निम्मेच भाडे पडते, विद्यार्थ्यांना पासात 66.67 टक्के सवलत मिळते, आणि मानव विकास कार्यक्रमात (मागास तालुक्यांसाठीची राज्याची योजना) असलेल्या तालुक्यांत शाळकरी मुली निळ्या बसमधून फुकट जातात. या सवलतींची भरपाई राज्य शासन महामंडळाला देते. गावाला उचलायचा आहे तो फक्त उरलेला भार.

तो उचलण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला पासांचा: वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवसांचा मासिक पास मिळतो, तेव्हा रोज ये-जा करणारे कामगार आणि विद्यार्थी यांची यादी ग्रामसभेत वाचून त्यांच्या पासांची रक्कम ग्रामपंचायतीने थेट आगारात भरावी. दुसरा प्रासंगिक कराराचा: वऱ्हाडासाठी अख्खी एसटी ठरवतात, तशीच ती ठरावीक दिवसांसाठी ठरवून पैसे किलोमीटरप्रमाणे द्यायचे. यात तिकीटच फाडायचे नसल्याने गाडी लवकर सुटते, परंतु तिकीट नाही म्हणून सवलतींपोटी येणारा शासनाचा वाटाही बुडतो.

आकडेमोड केली की निवड सोपी होते. गाव ते तालुका 24 किलोमीटर आणि जाऊन-येऊन दोन फेऱ्या धरल्यास दिवसाला 96 किलोमीटर होतात. किलोमीटरचा दर उदाहरणादाखल 60 रुपये मानला, तर महिन्याच्या 26 दिवसांचे सुमारे दीड लाख रुपये होतात, जे लहान ग्रामपंचायतीला झेपणारे नाहीत; आठवडी बाजाराचे चारच दिवस धरले तर मात्र 23,040 रुपयांत भागते. म्हणून माझ्या मते रोजच्यासाठी पास आणि बाजाराच्या दिवसासाठी करार, तोही रस्त्यावरच्या चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून, हे उत्तम. करारात किमान किलोमीटरची आणि थांबून राहण्याच्या वेळेची आकारणी असते, ती आगार व्यवस्थापकांकडून आधी लेखी घ्यावी.

फ्रान्समधील डंकर्कने 1 सप्टेंबर 2018 पासून बस मोफत केली, पण तिथे भाड्यातून आधीही खर्चाच्या जेमतेम दहा टक्केच येत होते आणि मोठा भार नोकरी देणाऱ्यांवरील वाहतूक कर उचलतो. आपल्या ग्रामपंचायतींना असा कर लावता येत नाही. आपल्याकडे घरपट्टीसारखे स्वतःचे उत्पन्न हाच पहिला आधार. वित्त आयोगाच्या निधीपैकी पाणी-स्वच्छतेचा बंधित भाग इकडे वळवता येत नाही. अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या भागातून खर्च करायचा तर तो गाव विकास आराखड्यात आधी नोंदवून गटविकास अधिकाऱ्यांचे मत घ्यावे. गडचिरोलीत तेंदूपत्ता आणि बांबूचे उत्पन्न असलेल्या ग्रामसभांनी स्वतःच्या खात्यातून ठराव करावा. चंद्रपूर आणि वणी भागातील खाणबाधित गावांनी जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे (खाणचालकांकडून येणारा पैसा खाणबाधित भागासाठी खर्च करणारी जिल्ह्याची संस्था) विद्यार्थी वाहतुकीसाठी प्रस्ताव द्यावा. खासदार निधीच्या मागे मात्र वेळ दवडू नये, कारण तो टिकाऊ मालमत्तेसाठी असतो, डिझेलसाठी नाही.

वेगाचा प्रश्न फाट्यावर सुटतो. मुख्य रस्त्यावरून दोन-तीन किलोमीटर आत असलेल्या प्रत्येक गावात गाडी वळली, तर शेवटच्या गावच्या मुलांचा पहिला तास हमखास बुडतो. त्यामुळे सकाळची कॉलेजची फेरी फाट्यावरच थांबावी आणि दुपारची गावात यावी, असा ठराव सर्व ग्रामसभांनी करावा. फाट्यापर्यंत आणण्याचे काम काळीपिवळीवाल्यांना ठरलेल्या रकमेवर द्यावे. ज्यांच्या पोटावर मोफत बसमुळे पाय येतो तेच या कामी लागले की अर्धा विरोध तिथेच मावळतो. मात्र त्यांचे परमिट या कामाला चालते का, हे परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. फाट्यावर शेड नसेल तर जुलैच्या झडीत ही व्यवस्था आठवडाभरही टिकणार नाही, म्हणून शेड आधी उभारावी.

देयक दरमहा द्यावे, आणि ते फेऱ्यांच्या नोंदवहीवर ग्रामपंचायतीचा शिपाई व वाहक या दोघांच्या सह्या असल्याशिवाय देऊ नये. घरपट्टीची वसुली बहुतेक मार्चअखेर होते आणि तेंदूचा पैसा उन्हाळ्यानंतर हाती येतो, त्यामुळे निदान तीन महिन्यांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवूनच पहिली फेरी सोडावी.