स्टार जखमी आणि आता बॉल नव्या गार्डच्या हातात: या चुका टाळा

बास्केटबॉल टीमच्या मेन गार्डचा (बॉल पुढे आणून खेळ चालवणाऱ्याचा) घोटा मुरगळला, कोचने बेंचच्या टोकाला बसलेल्या नव्या पोराकडे बघितलं, की त्या पोराच्या डोक्यात पहिला विचार हाच येतो की आता त्याचे वीस पॉइंट मी कुठून आणू, आणि घोडं पेंड खातं ते इथेच. टीमला त्याचे पॉइंट तुझ्याकडून नको असतात. टीमला बॉल सुखरूप पुढे आणणारा, वेळेत सेट, म्हणजे ठरलेली चाल, लावणारा आणि बॉल योग्य माणसाच्या हातात देणारा कुणीतरी हवा असतो. पॉइंट पाच जणांत वाटता येतात, बॉल सांभाळायचं काम वाटता येत नाही. हे लिहितोय ते कॉलेज, क्लब, जिल्हा लेव्हलला खेळणाऱ्या आणि अचानक स्टार्टिंग फाइव्हमध्ये आलेल्या पोरापोरींसाठी, उदाहरणं मात्र एनबीएची (अमेरिकेतली प्रो लीग) घेतोय कारण ती सगळ्यांना यूट्यूबवर बघता येतात.

स्टारची नक्कल करणं

५ डिसेंबर २०२२. इंडियाना पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन दुखापतीमुळे बाहेर, समोर गोल्डन स्टेट वॉरियर्स, म्हणजे त्या वेळचे चॅम्पियन, आणि मॅच त्यांच्याच घरी. बॉल आला अँड्र्यू नेमहार्डकडे, रुकी, म्हणजे पहिल्याच सीझनचा, नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टच्या सेकंड राउंडमध्ये ३१ व्या नंबरला घेतलेला. त्याने ३१ पॉइंट, १३ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते ते पास) आणि ८ रिबाउंड (चुकलेल्या शॉटचे पकडलेले बॉल) केले, पेसर्स ११२-१०४ जिंकले. सगळे त्या ३१ वर अडकतात, मी म्हणतो १३ बघा. हॅलिबर्टन त्या सीझनला लीगमधल्या टॉपच्या पासर्सपैकी एक होता, तो नसताना पेसर्सचं अडणार होतं ते पासिंगमध्ये, आणि नेमहार्डने नेमकं ते काम उचललं. हॅलिबर्टनचा शॉट विचित्र आहे, खांद्यापासून ढकलल्यासारखा, पास तो बऱ्याचदा हवेत उडी मारून देतो. नेमहार्डने यातलं काही उचललं नाही. तो त्याच्या नेहमीच्या संथ चालीत खेळला, डिफेंडरला पाठीवर ठेवून, थांबून, मग पास.

म्हणून मॅचच्या आधी एक काम कर. स्टार तुमच्या टीमसाठी काय काय करतो ते कागदावर लिही. बॉल आणतो, प्रेस (कोर्टभर अंगावर येणारा डिफेन्स) तोडतो, शेवटच्या क्वार्टरमध्ये फ्री थ्रो घेतो, समोरच्यांच्या बेस्ट गार्डला पकडतो, असं सगळं. मग त्यातलं तुझ्याकडून कुठलं होतं आणि कुठलं दुसऱ्याने करायला पाहिजे ते कोचशी बोलून ठरव. स्टेपबॅक थ्री (मागे सरकून मारायचा तीन पॉइंटचा शॉट) तुझा नसेल तर तो मॅचमध्ये अचानक येणार नाहीये, प्रॅक्टिसमध्ये दहातले तीन जातात ना, मग मॅचमध्ये त्याहून कमीच जाणार.

लगेच कुणीतरी मॅजिक जॉन्सनचं नाव काढेल, काढायलाच पाहिजे. १९८० ची फायनल, लेकर्स ३-२ ने पुढे, करीम अब्दुल-जब्बार पाचव्या मॅचमध्ये घोटा दुखावून बसलेला, आणि सहावी मॅच फिलाडेल्फियात. करीम सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच माणूस, आणि त्या सीझनचा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. २० वर्षांचा रुकी पॉइंट गार्ड मॅजिक सेंटरच्या जागी जम्प बॉलला उभा राहिला आणि ४२ पॉइंट, १५ रिबाउंड, ७ असिस्ट करून लेकर्सना १२३-१०७ ने चॅम्पियन करून गेला. ही गोष्ट ऐकून पोरं म्हणतात बघा, रुकीने एकट्याने जिंकून दिली. एकट्याने नाही हो! जमाल विल्क्सने त्याच मॅचमध्ये ३७ पॉइंट केलेत, त्याचं नाव कुणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि मॅजिक सेंटर म्हणून उभा राहिला असला तरी खेळला स्वतःचंच, पळत, बॉल पुढे ढकलत. लेकर्स त्या दिवशी करीमला बॉल देऊन वाट बघणारी टीम राहिलीच नव्हती. मॅजिकचे फ्री थ्रो १४ पैकी १४, हे पण बघून ठेवा, कारण स्टार नसताना असे फुकटचे पॉइंट सोडून चालत नाहीत.

बॉल घालवणं, आणि मेन म्हणजे ट्रॅपमध्ये घालवणं

हा सगळ्यात मोठा आजार, म्हणून इथे जरा जास्त थांबतो. ट्रॅप म्हणजे बॉल असलेल्यावर दोन डिफेंडर एकदम धावून येणं.

जेरेमी लिन आठवतो ना. फेब्रुवारी २०१२, न्यूयॉर्क निक्स, गार्ड लोक जखमी, मग टीमचा स्टार कार्मेलो अँथनीही जखमी, आणि बेंचवरचा लिन सलग सात विजयांचा हिरो झाला. तसा तो रुकी नव्हता, दुसरा सीझन होता, पण करिअरमधला पहिला स्टार्ट त्याच आठवड्यातला, त्यामुळे आपल्या विषयात बसतो. लेकर्सविरुद्ध ३८ पॉइंट ठोकले. मग बाकीच्या टीमनी व्हिडिओ बघितले. न्यू ऑर्लिन्सविरुद्ध ९ टर्नओव्हर (बॉल समोरच्यांच्या हाती घालवणं) झाले आणि सात विजयांची मालिका तुटली, पुढे मायामीने तर त्याला बॉल घेऊन श्वासच घेऊ दिला नाही, ११ पैकी १ शॉट आणि ८ टर्नओव्हर. आठवड्यापूर्वीचा आणि तेव्हाचा लिन एकच होता, फरक एवढाच की समोरच्यांनी आता त्याचा अभ्यास केला होता. तुझ्या बाबतीत जिल्हा लेव्हललाही हेच होणार. पहिली मॅच तुला कुणी ओळखत नाही म्हणून मोकळी जाते, दुसऱ्या-तिसऱ्या मॅचपासून समोरचा कोच सांगतो, त्या नव्या पोरावर दोघं पाठवा, बॉल सोडेल तो.

नेमकं होतं काय ते बघ. तू स्क्रीन (तुमचा बिग मॅन तुझ्या डिफेंडरची वाट अडवून उभा राहतो ती) घेऊन साइडलाइनच्या दिशेने निघालास, तुमच्या बिग मॅनचा डिफेंडर एकदम बाहेर उडी मारून आला, तुझा स्वतःचा डिफेंडर मागून चिकटला. नवा गार्ड इथे तीन गोष्टी एका दमात करतो: ड्रिबल थांबवतो, बॉल दोन्ही हातांनी डोक्यावर धरतो आणि पाठ फिरवतो. झालं, आता कोर्टच दिसत नाही, मागे हाफ लाइन, बाजूला साइडलाइन, वर पाच सेकंदांचं काउंट सुरू. मग घाबरून जो उंच लोंबता पास जातो तो समोरच्यांचा सरळ लेअप असतो.

उपाय: दुसरा डिफेंडर येताना दिसला की ड्रिबल चालू ठेवूनच दोन मोठे ड्रिबल मागे ये, छाती बास्केटकडेच राहिली पाहिजे. मागे आलास की ते दोघं तुझ्यामागे खेचले जातात आणि त्यांच्या पाठीमागे जागा मोकळी होते. तुझा स्क्रीनर फ्री थ्रो लाइनच्या आसपास त्या मोकळ्या जागेत आलेला असतो, त्याला बॉल दे, म्हणजे पुढे चार जण विरुद्ध तीन असा खेळ सुरू होतो. पास जाण्याआधी ड्रिबल मेला नाही पाहिजे, एवढं एक जमलं तरी निम्मे टर्नओव्हर वाचतात. आणि स्क्रीन घ्यायचीच असेल तर कोर्टच्या मधोमध घे, हाफ लाइन ओलांडल्या ओलांडल्या कोपऱ्यात नको, कारण तिथे दोन लाइनी त्यांच्याच बाजूने डिफेन्स करत असतात.

प्रॅक्टिस झाल्यावर चार जण थांबवून घ्या, तू, स्क्रीनर आणि दोन डिफेंडर, आणि फक्त एवढाच सीन परत परत करा. डाव्या बाजूला जास्त, कारण ट्रॅप करणारे तुला कमजोर हातावर ढकलूनच आणतात.

याच्या उलटही होतं. तुझा शॉट कुणाला माहीत नसतो, म्हणून डिफेंडर स्क्रीनच्या खालून, म्हणजे बास्केटच्या बाजूने, जातो, म्हणजे तुला सांगतोच की मार, मला चालेल. त्याचा राग येऊन धावत्या अंगाने शॉट फेकू नकोस. स्क्रीनच्या मागे पाय रोवून थांबलास आणि शॉट तुझ्या रेंजमधला असेल तर बिनधास्त मार, नसेल तर स्क्रीनरला तिथेच वळून दुसऱ्या बाजूने परत स्क्रीन लावायला सांग, आता डिफेंडर बास्केटच्या आणखी जवळ अडकलेला असतो आणि तुला आत शिरायला रनवे मिळतो.

स्टार नसताना टर्नओव्हर न करण्याची किंमत काय असते ते बघायचं असेल तर २०२२ च्या प्लेऑफमधली डॅलस विरुद्ध यूटा दुसरी मॅच बघा. लुका डोन्चिच पोटरीच्या दुखापतीने बाहेर, जेलन ब्रन्सनने ४१ पॉइंट केले आणि टर्नओव्हर शून्य. तो चौथ्या सीझनचा खेळाडू होता म्हणून रुकीशी तुलना नको, पण बॉल कसा सांभाळतो, किती वेळा आत जाऊन शॉट न मारता परत बाहेर येतो, हे बघण्यासारखं आहे.

वेळेचं भान नसणं

फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमात हाफ लाइन ओलांडायला ८ सेकंद आणि शॉटला एकूण २४. नवा गार्ड चालत चालत सातव्या सेकंदाला हाफ लाइनवर येतो, मग कोचकडे बघतो, मग प्ले (कुठली चाल खेळायची ते) ओरडतो, तोपर्यंत क्लॉकवर १२ उरलेले असतात आणि एक पास चुकला की कुणीतरी शेवटच्या सेकंदाला वेडावाकडा शॉट मारतो. शॉट चुकवणाऱ्याला सगळे बोलतात, चूक खरं तर बारा सेकंद आधी झालेली असते. प्ले बॉल आणतानाच, आपल्या अर्ध्यात असतानाच सांग. आपल्याकडे बऱ्याच ग्राउंडवर शॉट क्लॉक दिसेल अशा जागी नसतो किंवा नसतोच, तेव्हा मनात मोजायची सवय लाव.

इथे कोच लोकांनाही सांगणं आहे. स्टारसाठी बनवलेले पंधरा प्ले नव्या पोरावर लादू नका. चार द्या, पण चारही त्याला झोपेत विचारले तरी सांगता आले पाहिजेत, प्रत्येकात पहिला ऑप्शन बंद झाला तर पुढे काय हेसुद्धा.

सीनियरसमोर तोंड न उघडणं

ही आपल्याकडची खास अडचण. फर्स्ट इयरचं पोरगं, कोर्टवर सगळे थर्ड इयरचे दादा, त्यांना "तिकडे कोपऱ्यात जा" असं सांगायचं कसं? मग ते गप्प राहतं, दोन जण एकाच जागी उभे राहतात आणि स्पेसिंगची (एकमेकांत ठेवायच्या अंतराची) वाट लागते. मॅचच्या आधीच कॅप्टनकडे जाऊन स्पष्ट बोल की दादा, आत मी नावानेच ओरडणार आहे, चालेल ना. एकही सीनियर नाही म्हणत नाही, उलट त्यांना बरं वाटतं की पोरगं जबाबदारी घेतंय. आणि सीनियरनो, तुम्हीही त्याने आवाज दिला की लगेच हला, नाहीतर दुसऱ्या वेळी तो आवाज येतच नाही. मॅजिक तर फिलाडेल्फियाला जाताना विमानात करीमच्या ठरलेल्या सीटवर जाऊन बसला होता. सगळ्यांनाच असला स्वभाव मिळत नाही, पण आवाज द्यायला तसा स्वभाव लागत नाही, सवय लागते.

पहिल्या पाच मिनिटांत दोन फाऊल

उत्साहात नवा गार्ड हात घालतो. डिफेन्समध्ये बॉल हिसकावून काहीतरी करून दाखवायचं असतं, आणि नव्या पोराला रेफरीही फारशी सूट देत नाहीत. फिबामध्ये पाच फाऊलला बाहेर, एनबीएमध्ये सहा. तुझ्यामागे आता बदली गार्डच नाही हे लक्षात ठेव, तू बसलास तर बॉल आणणार कोण? हात वर, पाय हलवत राहा, तो शॉट मारून गेला तरी हरकत नाही. एक फाऊल झाला की त्या क्वार्टरमध्ये स्टीलचा विचार सोडून दे.

दम

रोज आठ मिनिटं खेळणारा एकदम तीस मिनिटं खेळला की तिसऱ्या क्वार्टरपासून शॉट रिमच्या पुढच्या बाजूला लागायला लागतात, हा पाय संपल्याचा सिग्नल. फ्री थ्रो चालू असताना वाकून गुडघ्यावर हात ठेवण्यापेक्षा सरळ उभं राहून श्वास घे. बॉल आणायचं काम दर तीन-चार पझेशनला दुसऱ्या कुणाला तरी दे, ते आधीच ठरवून ठेवा. आणि बेंचवर थंड पडू नकोस, स्टार खेळत असतानाही हाफटाइमला बाकीच्यांबरोबर नीट वॉर्मअप कर, दुखापत सांगून होत नाही.

एक मॅच हरली की हात-पाय गाळणं

टायरीस मॅक्सीचा पहिला एनबीए स्टार्ट ९ जानेवारी २०२१ ला झाला, फिलाडेल्फियाची टीम कोविड आणि दुखापतींमुळे जेमतेम सात खेळण्याजोग्या लोकांवर आलेली. रुकीने ३९ पॉइंट केले आणि तरी डेन्व्हरकडून हरले. त्यात मॅक्सीचं काही चुकलं नव्हतं. पुढे तो ऑलस्टार झाला. स्टार नसलेली टीम मॅच हरणारच कधीतरी, म्हणून स्कोअरबोर्डवरून स्वतःला जोखू नकोस, टर्नओव्हरवरून जोख. कुणाला तरी मोबाइलवर मॅच शूट करायला सांग, दुसऱ्या दिवशी फक्त तुझ्याकडून बॉल गेला तेवढेच क्लिप बघ आणि वेगवेगळे लिही: पास वाईट, ड्रिबल वाईट, की निर्णयच उशिरा. बहुतेक वेळा तिसऱ्याचीच यादी लांब निघते, आणि ती प्रॅक्टिसमध्ये लवकर कमी होते.

स्टार परत आल्यावर

तीन आठवड्यांनी तो परत येतो, आणि इथेही चुका होतात. एक तर नवा गार्ड एकदम पुन्हा लाजाळू होतो, बॉल हातात आला की गरम तवा असल्यासारखा लगेच स्टारकडे ढकलतो. नाहीतर दुसरं टोक, आता मी पण स्टार म्हणून बॉल सोडतच नाही. नेमहार्ड पुढे हॅलिबर्टनच्या बाजूला स्टार्टर म्हणूनच खेळायला लागला, कारण आता दोघंही बॉल आणू शकत होते आणि ट्रॅप कुणावर करायचा हा प्रश्न समोरच्यांना पडायला लागला. कोचकडे हीच मागणी कर, दोघांना एकत्र पाच-सहा मिनिटं द्या. स्टार दुखापतीतून आलाय, त्याचा दम अजून अर्धाच असतो, पहिल्या एक-दोन मॅचमध्ये त्याच्यावर फुल कोर्ट प्रेस आला की बॉल तू आण, त्याला पुढे मोकळं पळू दे, आणि तो बाहेर बसला की सेकंड युनिट (बेंचवरून येणारे खेळाडू) तुझ्याकडे राहील हे मॅचच्या आधीच ठरवून घे.