कुत्र्याला माग काढायला शिकवायचंय? आधी रान बघा

चोरी झाली की पेपरात एक ओळ ठरलेली, श्वान रस्त्यापर्यंत गेले आणि तिथंच घुटमळले. लोक हसतात, पण डांबरावर ना माती दबती ना गवत चिरडतं, वास धरून ठेवायला काही नसतंच, वरून गाड्यांची ये-जा आणि चोर तिथनं गाडीवर बसून गेला असला तर विषयच संपला. म्हणून घरच्या कुत्र्याला ट्रॅकिंग शिकवायचं तर सुरुवात गल्लीत नको, रानात करा.

त्यातही कुठलंही रान चालत नाही. सोयाबीन निघून वखरलेलं असेल तर उत्तम, न वखरलेल्यात खुंट पायात घुसतात. पावसाळ्यात काळी माती पंजाला गोळे धरती आणि एप्रिल-मेत पारा ४० च्या वर, तेव्हा सोडूनच द्या. दिवाळीनंतर थंडीभर, सकाळी दहिवर असताना जायचं, ओलाव्यात वास चांगला टिकतो. शेतमालकाला दोन गोष्टी विचारल्याशिवाय पाय ठेवू नका, फवारणी कधी झाली आणि रानडुकरांसाठी तारेत करंट सोडलाय का. हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

सामान उलीसंच. हार्नेस, १० मीटरची दोरी, दोन-चार तुराट्या आणि उकडून बारीक केलेली कलेजी. गळपट्ट्याला दोरी बांधली की ताण गळ्यावर येतो आणि कुत्रं मान वर करतं, आपल्याला नाक खाली पाहिजे. कलेजीच का, तर काळ्या मातीत ती दिसत नाही, भाकरीचे तुकडे लांबून चमकतात मग कुत्रं डोळ्यानंच काम करतं. फक्त मुंग्या बघा, त्या आपल्या आधी पोचतात.

आता पहिला धडा. कुत्रं उपाशी पाहिजे आणि लांब बांधलेलं. मीटरभराचा चौकोन पायानं चांगला तुडवायचा, तुराटी रोवायची, आत कलेजी पसरायची, जरा थांबून कुत्र्याला आणायचं आणि गप उभं राहायचं. वास फक्त तुमच्या अंगाचा नसतो, दबलेल्या मातीचा आणि चिरडलेल्या पाल्याचाही असतो, तुडवलेल्या जागीच खाऊ आहे बाहेर काही नाही हे त्याचं त्यालाच कळू द्या. हे जमलं की त्याच चौकोनातून सरळ वीस-तीस पावलं टाकायची, जवळजवळ, प्रत्येक पावलात एक तुकडा, शेवटी मूठभर. वारं पाठीमागनं असू द्या, समोरनं आलं तर कुत्रं हवेतूनच खाऊ हुंगत पळत सुटतं.

पळणं हीच खरी अडचण. लातूरकडं पश्मी, कारवान पाळणारे लई आहेत, ही कुत्री नजरेनं शिकार धरणारी, ससा उठला की तुमचा माग गेला खड्ड्यात. नाक त्यांनाही आहे, फक्त जास्त दिवस लागतात आणि दोरी आखूड धरावी लागती. लॅब्रा, जर्मन शेफर्डवाल्यांनी लगेच मिशीवर ताव मारू नये, खाऊ पटापट कमी केला की त्यांचीही मान वर येती.

सरळ रेषेत नाक खाली राहायला लागलं की खाऊ दोन-चार पावलं सोडून टाका, मग हलकं वळण, मग काटकोन. काटकोनाच्या पुढच्या पावलांत परत खाऊ भरायचा. वळण लांबच्या बाभळीच्या नाहीतर विजेच्या खांबाच्या खुणेनं लक्षात ठेवा, प्रत्येक वळणावर तुराटी रोवली तर कुत्रं तुराटीच शोधायला लागतं. माग शिळा करायचा तोही हळूहळू, आधी पाच मिनिटं, मग दहा. आयजीपी या कुत्र्यांच्या माग, आज्ञापालन आणि संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या पातळीला मालकाचाच किमान ३०० पावलांचा, २० मिनिटं जुना माग असतो, तिसरीला परक्या माणसाचा ६०० पावलांचा आणि तासभर जुना. त्यामुळं घाई करून काय उपयोग नाही.

मागावर पडलेली वस्तूही कुत्र्यानं आपल्याला दाखवावी लागती. घरी आधी चामड्याचा नाहीतर लाकडाचा तुकडा दिसला की बसायचं हे पक्कं करा, मगच तो मागावर ठेवा.

आणि कुत्रं चुकलं तर दोरी ओढू नका, इकडं इकडं म्हणून ओरडू नका, आहे तिथंच थांबा. ते गोल फिरून परत माग धरतं. नाहीच सापडला तर मुकाट बाहेर काढायचं, पाणी पाजायचं आणि पुढच्या वेळी आजच्यापेक्षा निम्मा, ताजा माग टाकायचा.