इंग्रजीत नकारार्थी विधानाला दुजोरा कसा द्यावा

समोरचा ‘आय डोन्ट ड्रिंक कॉफी’ म्हणाला आणि आपणही कॉफी घेत नसलो, की आपल्यापैकी अनेकांच्या तोंडून ‘आय ऑल्सो डोन्ट’ किंवा ‘मी टू’ निघून जाते. ‘मीही घेत नाही’ आणि ‘मीही घेतो’ या दोन्हींत मराठीला एकच ‘ही’ पुरतो. इंग्रजीत मात्र ‘टू’ आणि ‘ऑल्सो’ होकाराला दुजोरा देताना वापरतात. नकारासाठी ‘नायदर’, ‘नॉर’ आणि ‘आयदर’ हे शब्द आहेत.

प्रथम समोरच्याच्या वाक्यातले सहायक क्रियापद हेरावे, कारण उत्तर त्यावरच उभे राहते. ‘आय कान्ट स्विम’ याला ‘नायदर कॅन आय’, ‘आय हॅवन्ट ईटन’ याला ‘नायदर हॅव आय’, तर ‘आय वॉजन्ट देअर’ याला ‘नायदर वॉज आय’ असे उत्तर द्यावे. येथे क्रियापद कर्त्याच्या आधी येते, आणि ‘नायदर’मध्येच नकार असल्यामुळे पुढे ‘नॉट’ लावायचा नसतो. म्हणून ‘नायदर डोन्ट आय’ हे चूक आहे. कर्ता बदलला की क्रियापदही बदलते, जसे ‘नायदर डझ माय ब्रदर’. ‘नायदर’च्या जागी ‘नॉर’ वापरले तरी रचना तीच राहते.

हा उलटा क्रम अवघड वाटत असेल, तर सरळ ‘आय डोन्ट आयदर’ म्हणावे. येथे नकार क्रियापदातच राहतो आणि ‘आयदर’ शेवटी येतो. ‘मी नायदर’ हे मित्रमंडळींत बिनदिक्कत चालते. अर्जात किंवा मुलाखतीत ते टाळलेले बरे.

नकार नेहमी ‘नॉट’च्याच रूपात येतो असे नाही, आणि व्याकरणाचा चांगला अभ्यास असलेलेही येथे अडखळतात. ‘शी नेव्हर कम्प्लेन्स’ आणि ‘ही हार्डली स्पीक्स’ ही वाक्ये नकारार्थीच धरली जातात, म्हणून त्यांनाही ‘नायदर डू आय’ असाच दुजोरा मिळतो. ‘आय हॅड नो टाइम’ याला ‘नायदर डिड आय’ म्हणावे, कारण तेथे ‘हॅड’ हे मुख्य क्रियापद आहे. याउलट ‘आय अ‍ॅम अनहॅपी’ या वाक्याचा अर्थ नकाराकडे झुकत असला तरी त्याची रचना होकारार्थी आहे. त्याला ‘सो अ‍ॅम आय’ हेच उत्तर योग्य ठरते.

खरी गफलत ‘येस’ आणि ‘नो’ यांत होते. ‘फॉर्म भरला नाहीस ना?’ याला आपण ‘हो, नाही भरला’ म्हणतो, म्हणजे आपला ‘हो’ समोरच्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीतले ‘येस’ किंवा ‘नो’ मात्र आपल्या उत्तरातल्या क्रियापदाशी जुळावे लागते. ‘यू हॅवन्ट सबमिटेड द फॉर्म?’ असे विचारल्यावर नुसते ‘येस’ म्हटले, तर फॉर्म दिला आहे असा समज होऊ शकतो. दिला नसेल तर ‘नो, आय हॅवन्ट’ आणि दिला असेल तर ‘येस, आय हॅव’ असे पूर्ण उत्तर द्यावे.