चोंदलेल्या नाकाला ओव्याची पुरचुंडी

सर्दीत दिवस कसाबसा निघतो, पण रात्री आडवं झालं की नाक चोंदतं आणि झोपेचं खोबरं होतं. मध्यरात्री पातेलंभर पाणी उकळून वाफ घेण्यापेक्षा (अर्धवट झोपेत ते अंगावर सांडायची भीती वेगळीच) ओव्याची पुरचुंडी बरी.

१. २ चमचे ओवा कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजा. वास सुटला की गॅस बंद. करपला तर नुसता ठसका लागतो.

२. जुन्या सुती कपड्याच्या तुकड्यात घालून हातानेच जरा चुरडा आणि घट्ट गाठ मारा. टेरीकॉटचा रुमाल नको, फार तापला तर तो चिकटू शकतो.

३. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. सोसवतंय असं वाटलं की हुंगा किंवा छातीला शेक द्या.

गार झाली की तीच पुरचुंडी कोमट तव्यावर टेकवायची. दोन-तीनदा सहज चालते, मग वास उतरतो. उशाला एक जादा उशी घेतली तर आणखी बरं.

सर्दी याने पळत नाही, ती आपले दिवस घेतेच. झोप मात्र लागते.

तान्ह्या बाळाच्या पाळण्यात पुरचुंडी ठेवू नका. गाठ सुटली तर दाणे नाकातोंडात जातात. आणि ताप तीन दिवसांवर गेला किंवा धाप लागू लागली, तर ओवा बाजूला ठेवून थेट डॉक्टरकडे जा.