बंद पडलेल्या जुन्या गावचर्चची डागडुजी: या चुका टाळा

इंग्लंडमध्ये प्रार्थना थांबलेली, पण ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षित असलेली गावचर्चं पुष्कळ आहेत. 1969 साली स्थापन झालेला न्यास, म्हणजे आजचा चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्ट, एकटाच अशी 350च्या आसपास चर्चं सांभाळतो. त्यांचं मोठं नुकसान अनेकदा चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीतून होतं, आणि त्यात पहिला नंबर सिमेंटचा.

या भिंतींना दोन्ही बाजूंनी दगडी तोंड असतं आणि मध्ये चुन्यात बसवलेला दगडगोट्यांचा भराव. पावसाचं थोडं पाणी आत जाणारच. ते चुन्याच्या दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, वाऱ्यावर सुकून जातं. दरजा सिमेंटने भरल्या की ही वाट बंद होते. मग पाणी मऊ दगडातूनच बाहेर पडू लागतं, क्षार दगडाच्या तोंडाशी साचतात, हिवाळ्यात पाणी गोठतं आणि पापुद्रे सुटतात. ओळखायची खूण सोपी आहे: दगड झिजून आत गेलेला आणि दरज मात्र जाळीसारखी पुढे आलेली.

सिमेंट काढायचं ते हातोडी आणि बारीक छिन्नीने, ग्राइंडर अजिबात नको. दगडाची कड तुटत असेल तर ते घट्ट सिमेंट तसंच राहू द्या, पुढे सैल झालं की काढता येतं. दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट, निदान 25 मिलिमीटर खोल मोकळी करा आणि धूळ काढून पाणी मारा. मग 1 भाग चुना आणि 3 भाग धारदार, लहानमोठ्या कणांची वाळू असा मसाला दाबून भरा. उघड्या, वाऱ्यापावसाच्या बाजूला नैसर्गिक जलीय चुना (ओलाव्यातही घट्ट होणारा) घ्यावा लागतो, पण मसाला दगडापेक्षा कठीण होता कामा नये. तो थोडा घट्ट झाल्यावर ताठ केसांच्या ब्रशने ठोका आणि काही दिवस ओलं गोणपाट टांगून ठेवा. तापमान 5 अंशांच्या खाली जाणार असेल तर काम थांबवा. ऑक्टोबरनंतर भरलेला चुना थंडीने भुसभुशीत होण्याचा धोका फार असतो.

ओल कुठून येते हे न शोधता भिंतीला हात लावणं ही दुसरी मोठी चूक. विजेवर चालणारं ओलावामापक यंत्र क्षारांमुळेही जास्त आकडा दाखवतं, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. भर पावसात छत्री घेऊन चर्चभोवती एक फेरी मारा, त्यातून जास्त कळतं. भिंतीवर वरून खाली हिरवा पट्टा असेल तर तिथल्या बिडाच्या पाइपला मागच्या बाजूने चीर गेलेली असण्याची शक्यता मोठी. ती बाजू रंगवायची राहून जाते आणि गंजते. डाग छताशी असेल तर पन्हळ तुंबलेली आहे का ते पाहा. पन्हळी वर्षातून दोनदा साफ करा, त्यातली एक सफाई पानगळ संपल्यावर. वसंतातल्या उबदार, दमट दिवशी फरशीवर घाम दिसला तर ते पाणी हवेतलं असतं. अशा दिवशी दार सताड उघडं ठेवू नका. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी उघडा.

जोत्याशी ओल असली तर कारण बहुधा बाहेरची जमीन. शतकानुशतकांच्या दफनांमुळे ती आतल्या फरशीपेक्षा वर आलेली असते. पण म्हणून भिंतीलगत सरळ चर खणू नका. पाया कित्येकदा अगदी उथळ असतो, आणि मानवी अवशेष लागण्याची शक्यता खरी आहे. त्यासाठी पुरातत्त्वज्ञ आणि वेगळी परवानगी, दोन्ही लागतात.

आतला गिलावा खरवडून ‘मूळ दगड’ दाखवण्याचा मोह टाळा. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत मध्ययुगीन भित्तिचित्रांवर चुना फासला गेला, त्यामुळे थरांखाली चित्र असू शकतं. व्हिक्टोरियन काळातल्या असल्या खरवडण्याला विरोध म्हणूनच इंग्लिश कलाकार-लेखक विल्यम मॉरिसने 1877 मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. गोव्यात याचा परिणाम डोळ्यांनी दिसतो: जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चच्या बाहेरचा चुन्याचा गिलावा 1950च्या दशकात काढला गेला आणि तेव्हापासून उघडा जांभा पावसात झिजतो आहे.

विजोड दगड ‘नीट’ करायलाही जाऊ नका. श्रॉपशरमधल्या रॉक्सिटरच्या सेंट अँड्र्यू चर्चमध्ये उत्तरेच्या भिंतीत जवळच्या रोमन नगराचे दगड आहेत आणि बाप्तिस्म्याचं पात्र रोमन खांबाच्या बैठकीतून कोरलेलं आहे. तिथे ती विसंगती हाच इतिहास आहे.

छताच्या शिशाचे पत्रे बदलताना जाडी वाढवून भागत नाही. पत्रा फार मोठा असेल तर ऊनथंडीने ताणला-आकसला जाऊन फाटतो, म्हणून त्या जाडीला ठरलेल्या मापातच तुकडे पाडावेत. वटवाघळं असतील तर कामाची वेळ ठरवण्याआधी परिसंस्थातज्ज्ञाला बोलवा; ती कायद्याने संरक्षित आहेत. आणि चर्चमधली प्रार्थना बंद झाली की चर्चची अंतर्गत परवानगी पुरत नाही: वास्तूच्या स्वरूपावर परिणाम करणाऱ्या कामाला स्थानिक कौन्सिलची लेखी संमती लागते, आणि तिच्याशिवाय केलेलं काम फौजदारी गुन्हा ठरतं.