कोलोनोस्कोपीच्या आधी पोट नीट साफ कसं करावं

बाबांची पहिली कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, अर्धवट सोडावी लागली. पोट साफ करायचं रात्रीचं औषध ते निमूट प्यायले, पण पहाटेचा औषधाचा जग तसाच राहिला. "पोट साफ झालंय, आता कशाला?" असं त्यांचं म्हणणं. पण रात्रभरात पित्त आणि लहान आतड्यातला चिकट स्राव खाली उतरतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला थर धरतो. तो पहाटेच्या डोसानेच निघतो, म्हणून तो डोस अजिबात चुकवू नका.

दोन-तीन दिवस आधीपासून भाकरी, पालेभाज्या, भेंडी, पेरू, टोमॅटो, तीळ, शेंगदाणे बंद. मऊ भात, इडली, साल काढलेला उकडलेला बटाटा चालतो. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या औषधांचं मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा. किडनीचा, हृदयाचा त्रास किंवा जुनी बद्धकोष्ठता असेल, तर औषध लिहून देण्याआधीच सांगा.

आदल्या दिवशी फक्त पातळ: शहाळ्याचं पाणी, कोरा चहा, गाळलेलं लिंबू सरबत, वरणाची गाळलेली निवळ. दूध नको. कोकम सरबतही नको, त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

पोट साफ करायचं औषध म्हणजे पॉलिथिलीन ग्लायकॉलची पावडर बहुधा २ लिटर पाण्यात कालवतात. निम्मं संध्याकाळी, निम्मं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी. चव खारट, बुळबुळीत. फ्रिजमध्ये गार करून स्ट्रॉने प्यायलं की बरंच सुसह्य होतं. दर १०-१५ मिनिटांनी एक पेला घ्या. मळमळलं तर अर्धा तास थांबा, घरातच फेऱ्या मारा. पहिल्या जुलाबाआधीच गुदद्वाराभोवती व्हॅसलिन लावून ठेवा. नंतर घासून पुसू नका. कोमट पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपा.

शेवटी पिवळसर, लघवीसारखं नितळ पाणी पडायला हवं. गढूळ असेल तर हॉस्पिटलला कळवा, लपवू नका. उलट्या थांबत नसतील, पोट फुगून कडक झालं, चक्कर आली, तर पिणं थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा. तपासणीआधीचे किमान २ तास पाणीही नाही. तुमच्या डॉक्टरांनी जास्त वेळ सांगितली असेल तर तीच पाळा.

दुसऱ्या खेपेला मी पहाटे चारचा गजर लावला. बाबांच्या खुर्चीपाशी स्टुलावर जग ठेवला आणि दर पेल्यामागे कागदावर एक रेघ मारत गेले. चौथी रेघ त्यांनी स्वतः मारली.